सबवूफरच्या बॉक्समधली हवा: किती हवी आणि कमी-जास्त कशी करायची

सबवूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) नवा, अॅम्प (अॅम्प्लिफायर) बरा, वायरिंग नीट, आणि तरीही बेस ऐकवत नाही अशा गाड्यांत तक्रारी बहुतेक दोनच असतात. पहिली म्हणजे प्रत्येक गाण्यात तोच एक सूर घुमतो. ढोल काय आणि पखवाज काय, सगळं धब-धब. दुसरी म्हणजे खालचा सूर आला की कोन (सबवूफरचा शंकूसारखा पडदा) भलताच पुढे-मागे होतो, आवाज मात्र त्या मानाने येत नाही, आणि जरा आवाज वाढवला की आतून टक्-टक् ऐकू येतं. पहिल्या तक्रारीत बॉक्स बहुधा लहान असतो, दुसरीत मोठा. लोक मात्र अॅम्पवरचे स्क्रू फिरवत बसतात, नाहीतर सबवूफरच बदलतात. बॉक्सच्या आत किती लिटर हवा आहे हे कोणी मोजलेलंच नसतं.

कोकणात हे जास्त दिसतं, कारण बॉक्स एकतर मुंबई-कोल्हापूरहून तयार येतो किंवा गावातला सुतार डिकीत मावेल त्या मापाने करून देतो. दोन्ही वेळा माप डिकीचं घेतलेलं असतं, सबवूफरचं नाही. सुदैवाने त्यासाठी बॉक्स मोडायची गरज नसते. आतलं घनफळ कमी करणं सोपं आहे. वाढवणं थोडं अवघड आहे, पण मर्यादेत जमतं. अॅम्पवरचे गेन (आवाजाची पातळी), लो-पास (वरचे सूर कापणारी गाळणी) आणि फेज (बाकी स्पीकरशी ताल जुळवणारं बटण) आधी तपासून झाले आहेत असं धरून पुढचं लिहितो.

आतली हवा काय करते

बंद बॉक्समधली हवा कोनच्या मागे स्प्रिंगचं काम करते. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा ढकलला की तो परत येतो, तसंच. हवा कमी तर स्प्रिंग कडक, हवा जास्त तर सैल. १९५० च्या दशकात अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी हीच हवेची स्प्रिंग मुद्दाम वापरून लहान बॉक्समधून खोल बेस काढून दाखवला. पुढे नेव्हिल थिएल आणि रिचर्ड स्मॉल यांनी त्याचं गणित असं बसवलं की आज प्रत्येक सबवूफरच्या कागदावर त्यांच्या नावाचे आकडे छापलेले असतात. आपल्याला त्यातले तीन लागतात: एफएस म्हणजे मोकळ्या हवेतला सबवूफरचा नैसर्गिक सूर, क्यूटीएस म्हणजे तो सूर किती आवरलेला आहे याचं माप, आणि व्हीएएस म्हणजे कोनच्या स्वतःच्या लवचिकतेइतकी लवचिक असलेली हवा, लिटरमध्ये.

बंद बॉक्सचं सूत्र एका ओळीचं आहे. व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भागा, एक मिळवा, वर्गमूळ काढा. या आकड्याने एफएसला गुणलं की बॉक्समध्ये बसल्यावरचा सूर मिळतो. त्यानेच क्यूटीएसला गुणलं की क्यूटीसी, म्हणजे बॉक्समध्ये बसल्यावरचं तेच माप, मिळतो. क्यूटीसी ०.७ च्या आसपास असेल तर बेस सपाट आणि आवरलेला लागतो. ०.८-०.९ पर्यंत थोडा फुगीर, पण गाडीत चालून जातो. एकच्या वर गेला की धब-धब सुरू.

एक १२ इंची सबवूफर घेऊ. एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस ५५ लिटर. त्याला ३७.५ लिटर दिले तर क्यूटीसी ०.७१ आणि सूर ४७ हर्ट्झ. ३० लिटरला ०.७६ आणि ५०.५ हर्ट्झ. २५ लिटरला ०.८० आणि ५४. २० लिटरला ०.८७ आणि ५८. उलट ५० लिटर दिले तर ०.६५ आणि ४३.५.

हे आकडे नीट बघा. ३७.५ वरून ३० वर आलं, म्हणजे हवा पाचव्या हिश्श्याने कमी झाली, तरी सूर जेमतेम साडेतीन हर्ट्झ सरकला. बंद बॉक्समध्ये एक-दोन लिटरसाठी जीव काढण्यात अर्थ नाही. बदल करायचाच तर १५-२० टक्क्यांचा करा, नाहीतर कानाला कळणारच नाही. पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर करणारा पाइप, असलेल्या बॉक्सचं मात्र वेगळं आहे. तो इतकं माफ करत नाही. त्याच्याकडे नंतर येऊ.

आणखी एक गोष्ट गाडीपुरती. बंद काचांच्या लहान केबिनमध्ये खालचे सूर आपोआप उचलले जातात. केबिनची सर्वांत लांब बाजू अडीच मीटर धरली तर साधारण ७० हर्ट्झच्या खाली हा उचल सुरू होतो. बंद बॉक्स खाली जाताना जेवढं गमावतो त्यातलं बरंचसं केबिन परत देते. त्यामुळे छोट्या हॅचबॅकमध्ये 'अजून खोल' म्हणून बॉक्स मोठा करत जाणं मला पटत नाही. ०.७ ते ०.८ मध्ये थांबावं. मोठ्या बॉक्समध्ये स्प्रिंग सैल पडते, कोन लवकर टोकाला आपटतो, आणि ती टक्-टक् म्हणजे कॉइलचं (कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचं) आयुष्य कमी होणं.

आधी मोजा

बाहेरून टेप लावून काढलेलं माप फसवतं. कलत्या पाठीचा नेहमीचा बॉक्स घ्या: बाहेरून रुंदी ५५ सेंमी, उंची ३६, खोली खाली ३२ आणि वर २४. सरासरी खोली २८ धरून गुणलं तर ५५ लिटर येतात. पण प्लाय १८ मिमीचा आहे. प्रत्येक मापात दोन फळ्या येतात, म्हणजे ३.६ सेंमी वजा करा. आत उरतात ५१.४ गुणिले ३२.४ गुणिले २४.४, म्हणजे ४०.६ लिटर. जवळजवळ १५ लिटर नुसत्या लाकडात गेले. त्यातून सबवूफरचं चुंबक आणि सांगाडा, १२ इंचीला साधारण दोन ते तीन लिटर. आतल्या आडव्या पट्ट्या असतील तर त्या मोजून वजा. निव्वळ हवा ३७-३८ लिटरच राहिली. कंपनीचा आकडा घनफुटात असेल तर एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर.

चाकाच्या खोबणीत बसवलेल्या फायबरग्लासच्या वेड्यावाकड्या बॉक्सला टेप चालत नाही. तिथे बीन बॅगमध्ये भरतात ते थर्माकोलचे दाणे आत ओता, काठोकाठ भरा आणि परत दहा लिटरच्या बादलीने मोजत काढा. दाणे दाबू नका. भाताचा तूस याच कामाला वापरतात, पण त्याची धूळ कोपऱ्यात राहते आणि पुढे कॉइलच्या फटीत जाते. तो टाळा.

खरा आकडा मात्र विजेने कळतो आणि त्याला महागडं काही लागत नाही. शंभर ओम, पाच वॅटचा एक रेझिस्टर, मल्टिमीटर, मोबाईलवर टोन जनरेटरचं अॅप. अॅम्पचा बेस बूस्ट आणि सबसॉनिक (फार खालचे सूर कापणारी गाळणी) बंद करा, लो-पास शक्य तितका वर न्या. अॅम्पच्या प्लसमधून रेझिस्टर, रेझिस्टरपुढे सबवूफर, सबवूफरचा मायनस परत अॅम्पला. दोन कॉइलचा सबवूफर असेल तर त्या रोज जशा जोडलेल्या असतात तशाच ठेवा, एक मोकळी सोडू नका. आवाज अगदी कमी ठेवा. अॅम्पच्या टोकांवर चार-पाच व्होल्ट पुरे. मीटर एसी व्होल्टवर ठेवून सबवूफरच्याच दोन टोकांना लावा आणि २५ हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ वर चढत जा. आकडा वाढत वाढत एका ठिकाणी सर्वांत जास्त होतो आणि मग उतरतो. तो वरचा बिंदू म्हणजे या बॉक्समधला तुमचा सूर.

त्यावरून उलटं गणित करता येतं. मिळालेल्या सुराला एफएसने भागा, वर्ग करा, एक वजा करा, आणि व्हीएएसला त्याने भागा. वरच्या उदाहरणात ४७ मिळाले तर उत्तर ३७.८ लिटर येतं. एफएस शक्यतो स्वतः मोजा: सबवूफर बॉक्समधून काढून, चुंबकाच्या मागचं भोक उघडं राहील असा हवेत धरून, हाच खटाटोप. वापरलेल्या सबवूफरचा एफएस कागदावरच्या आकड्यापेक्षा दोन-चार हर्ट्झ इकडे-तिकडे असतोच.

फट असेल तर बाकी सगळं व्यर्थ

मोजताना व्होल्टचं शिखर, म्हणजे तो वरचा बिंदू, टोकदार न येता बसकं, पसरट आलं तर बॉक्स गळतोय असं समजा. अशा बॉक्सचं घनफळ बदलून काही होत नाही. कोन दोन्ही तळव्यांनी, अगदी सरळ, हलकेच आत दाबा आणि सोडा. बॉक्स घट्ट असेल तर कोन सावकाश परत येतो. लगेच उडी मारून आला तर हवा कुठूनतरी पळते आहे.

कुठून, ते उदबत्ती सांगते. ३० हर्ट्झचा सूर मध्यम आवाजात लावा, गाडीचे दरवाजे आणि पंखा बंद करा, आणि पेटती उदबत्ती सांध्यांवरून अर्ध्या सेंटिमीटरवरून सावकाश फिरवा. कार्पेट जवळ आहे, निखारा लागू देऊ नका. फट आली की धुराची सरळ रेघ थरथरते आणि तुटते. नव्वद टक्के वेळा ती मागच्या प्लॅस्टिकच्या टर्मिनलच्या कडेला तुटते. तिथला पातळ फोम कधीच चपटा झालेला असतो. दुसरी जागा म्हणजे सबवूफरच्या रिंगखालचा कडा, विशेषतः भोक जिगसॉने हाताने कापलेलं असेल तर.

टर्मिनल काढून आतून एम-सील लावा किंवा सिलिकॉन भरा. सबवूफरच्या रिंगखाली तीन मिमीची बंद छिद्रांची फोम टेप लावा. हार्डवेअरच्या दुकानात दाराच्या फटींसाठी मिळते ती चालते. आतले सगळे सांधे सिलिकॉनने बोट फिरवून भरून घ्या. सिलिकॉनचा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे किमान एक दिवस, सबवूफर परत बसवू नका. ती वाफ कोनच्या कडेच्या गोंदाला चांगली नाही. पावसाळ्यात दोन दिवस थांबलेलं बरं. हे झाल्यावर परत मोजा. बऱ्याच गाड्यांत इथेच तक्रार मिटते आणि पुढचं काही करावं लागत नाही.

कमी करायचं असेल तर

तत्त्व एवढंच: आत असा ठोस तुकडा बसवायचा जो हवा शोषत नाही, हलत नाही आणि झिरपत नाही.

कायमचं काही चिकटवण्याआधी चाचणी घ्या. एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्यांत कोरडी वाळू काठोकाठ भरा, झाकण घट्ट करा, प्रत्येक बाटली जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून बॉक्सच्या तळाशी एकमेकींना खेटून ठेवा. एक बाटली म्हणजे बाहेरच्या मापाने एक लिटरहून किंचित जास्त. रिकामी बाटली चालत नाही, ती स्वतःच दाबली जाते आणि हवेची स्प्रिंग तिच्यात निघून जाते. किनाऱ्यावरची वाळू आणू नका. मीठ असतं, ती कधी पूर्ण कोरडी होत नाही. बांधकामाची धुतलेली वाळू उन्हात वाळवून घ्या. बाटल्या चाचणीपुरत्या, गाडी उभी असताना. जांभ्याच्या पाखाडीवरून गाडी उतरली की त्या आत गडगडतील आणि कोन फाटेल.

चाचणीला डबलबारीच्या (दोन बुवांच्या सामन्याच्या) भजनाचं रेकॉर्डिंग फार उपयोगी पडतं. पखवाजाची कणीक लावलेली डावी बाजू एकाच बारीत वेगवेगळ्या दाबाने वाजते. बॉक्स बरोबर असेल तर प्रत्येक थाप वेगळी ऐकू येते आणि थाप संपली की आवाज संपतो. धब-धब बॉक्समध्ये सगळ्या थापा एका मापाच्या होतात आणि शेपूट सोडून जातात. दोन-दोन बाटल्यांनी बदलत जा आणि जिथे समाधान झालं तिथे थांबून मोजा.

आता कायमचं काम. वरच्या बॉक्समध्ये ३८ लिटर आहेत आणि तुमच्या सबवूफरला ३० हवेत असं समजा. आठ लिटर घालवायचे. १८ मिमी प्लायचा २५ बाय ३० सेंमीचा तुकडा १.३५ लिटर घेतो, म्हणजे सहा तुकड्यांत ८.१ लिटर. त्यांचे तीन-तीनचे दोन ठोकळे करा आणि ३० सेंमीची बाजू उभी ठेवून दोन्ही बाजूच्या भिंतींवर बसवा. पाठ कलती असल्याने वरचा मागचा कोपरा तिरका कापावा लागेल, तेवढं घनफळ किंचित कमी होईल. मागच्या भिंतीवर नको, कारण चुंबकाच्या मागच्या भोकासमोर किमान पाच सेंमी मोकळी जागा लागते. ती कोंडली तर कॉइल तापते आणि हवेची फुसफूस ऐकू येते. सहा तुकड्यांनी बॉक्सचं वजन पाच किलोंच्या आसपास वाढेल हे लक्षात ठेवा, डिकीतला बॉक्स उचलून काढायचा असतो.

तुकड्याची रुंदी २५ ठेवण्याचं कारण आहे. १२ इंची सबवूफरचं भोक साधारण २८ सेंमी व्यासाचं असतं. फळी उभी धरून आत सरकवायची तर रुंदी त्याहून कमीच हवी, आणि बोटांनाही जागा हवी. दहा इंचीच्या भोकातून २० सेंमीच्या वर रुंदी नेऊ नका.

तिन्ही तुकडे बाहेर एकदम चिकटवून जाड ठोकळा करण्यापेक्षा एकेक करून बसवलेलं बरं. पहिला तुकडा भिंतीला फेव्हिकॉल लावून ३० मिमी स्क्रूंनी आवळा. १८ मिमी तुकड्यात आणि १२ मिमी भिंतीत जातात, टोक बाहेर येत नाही. ४० मिमीचे वापरले तर कार्पेटमधून टोकं डोकावतील. दुसरा तुकडा पहिल्यावर, तिसरा दुसऱ्यावर, तसेच ३० मिमीचे, स्क्रूच्या जागा थोड्या सरकवून. प्रत्येक तुकड्याला चार कोपरे आणि मध्ये एक असे पाच स्क्रू. आत हात वाकडा करून सरळ स्क्रू लागत नसेल तर पहिला तुकडा बाहेरून, कार्पेटची लव बाजूला करून आवळा. शेवटी ठोकळ्याच्या चारी कडांना सिलिकॉन फिरवा. दोन तुकड्यांमध्ये अर्धा मिमी फट राहिली तरी बेसला ती करकरते, आणि आवाज बॉक्सच्या आतून येतोय हे शोधायला दिवस जातो. म्हणून फेव्हिकॉल ठिपक्यांनी नाही, पूर्ण पृष्ठावर लावा.

थर्माकोलचे ठोकळे हलके म्हणून लोक घालतात. घट्ट दाबाचं, गुळगुळीत थर्माकोल चालून जातं, पण दाणेदार पॅकिंगचं नाही. त्याला रबराचा सॉल्व्हंटवाला गोंद लावला तर तो थर्माकोलच वितळवतो. पांढरा फेव्हिकॉल लावा. शिवाय आपल्याकडे मुंग्या त्यात घर करतात. चिऱ्याचा तुकडा किंवा वीट आत ठेवू नका. चिरा सच्छिद्र असतो, त्याचं बाहेरचं माप खरं नाही, आणि लाल भुकटी कॉइलपर्यंत पोचते.

वाढवायचं असेल तर

स्वस्त आणि परत काढता येणारा उपाय म्हणजे उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस, दुकानात 'रेक्रॉन' म्हणून मागतात तो. बॉक्समधली हवा दाबली की क्षणभर तापते आणि तापल्यामुळे जास्त कडक होते. बारीक धाग्यांचं जाळं ती उष्णता शोषून घेतं, हवा मऊ राहते, आणि सबवूफरला बॉक्स मोठा असल्यासारखं वाटतं. पुस्तकी मर्यादा ४० टक्क्यांची आहे. हातात मात्र १० ते २० टक्केच येतात, आणि जो जास्त सांगतो त्याने मोजलेलं नसतं.

प्रमाण लिटरला ८ ते १६ ग्रॅम. २५ लिटरच्या बॉक्सला २०० ते ४०० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून घ्या. गोळे घालू नका, हाताने पिंजून फुगवून घाला, कोपऱ्यांपासून सुरू करून मध्यभागी या. आधी दोनशे ग्रॅम घालून मोजा, मग पन्नास-पन्नास वाढवा. सूर खाली सरकत जातो आणि एका टप्प्यानंतर थांबतो. त्यापुढे घातलेला कापूस उलट जागा खातो, तेव्हा एक पायरी मागे या. ५४ चा सूर ५०.५ वर आला तर तुमचे २५ लिटर ३० सारखे झाले. चुंबकाच्या भोकापुढे आणि कोनच्या मागे कापूस येऊ नये म्हणून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा स्टेपल करून आडोसा करा.

घरात सावरीचा कापूस असतोच, तो घालायचा मोह होतो. घालू नका. तो आणि साधा सरकीचा कापूस दोन्ही दमट हवा ओढतात, जून-जुलैत आत बुरशी धरते आणि बारीक तंतू उडतात. काथ्याचे धागे जाड असतात, उष्णता शोषायला लागणारं बारीक जाळं त्यांतून होत नाही, आणि भुसा सुटतो तो वेगळाच.

खरंच जागा हवी असेल तर सबवूफरखाली प्लायच्या रिंगा घाला. आतला व्यास २८ सेंमी आणि १८ मिमी जाडी असेल तर एक रिंग १.१ लिटर देते, शिवाय चुंबक मागच्या भिंतीपासून तेवढं लांब येतं. सबवूफर उलटा, चुंबक बाहेर ठेवून बसवला तर आतले दोन-तीन लिटर मोकळे होतात. त्यावेळी तारा उलट जोडा, म्हणजे दारांतल्या स्पीकरशी ताल राहतो. पण उघड्या चुंबकाजवळ सामान ठेवता येत नाही, आणि गणपतीला डिकीत काय काय भरलं जातं ते सगळ्यांना माहीत आहे. आठ-दहा लिटर हवे असतील तर मागची फळी काढून मध्ये चौकट घाला. वरच्या बॉक्समध्ये चौकटीच्या प्रत्येक सेंटिमीटरला सुमारे १.७ लिटर वाढतात, पाच सेंमीला साडेआठच्या आसपास. मधली आडवी पट्टी काढून जागा करायची कल्पना चुकीची आहे. तिच्यामुळे मिळतो अर्धा लिटर, आणि भिंती मात्र थरथरायला लागतात.

पोर्टवाला बॉक्स

इथे घनफळ आणि पाइप एकमेकांना बांधलेले आहेत. एकाला हात लावला की दुसरा बिघडतो. बॉक्सचा सूर घनफळाच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात सरकतो. ५० लिटर आणि ३५ हर्ट्झचा बॉक्स ४२ लिटरवर आणला की सूर ३८ वर चढतो. बंद बॉक्समधल्या साडेतीन हर्ट्झइतकाच हा फरक दिसतो, पण परिणाम वेगळा आहे. पोर्टच्या सुराखाली कोनला मागून आधारच राहत नाही. तो सूर वर गेला म्हणजे आधार सुटण्याची जागाही वर आली, जिथे गाण्यांत बेस जास्त असतो. ज्यांनी जुन्या सवयीने पोर्टवाल्या बॉक्समध्ये ठोकळे टाकले, त्यांच्या कॉइल अशाच जळतात.

म्हणून घनफळ बदललं की पाइपची लांबी बदला. गोल पाइपसाठी: आतल्या व्यासाचा (सेंमी) वर्ग गुणिले २३५६३, भागिले हवा असलेल्या सुराचा वर्ग आणि लिटर यांचा गुणाकार, आणि आलेल्या उत्तरातून व्यासाच्या ०.७३ पट वजा. बांधकामाला लागणारा ११० मिमीचा पीव्हीसी पाइप बाहेरून ११० असतो. आतला व्यास जाडीप्रमाणे बदलतो, तो मोजूनच घ्या. १०.४ सेंमी भरला तर ५० लिटरला ३५ हर्ट्झसाठी ३४ सेंमी लांबी लागते, ४२ लिटरला ४२ सेंमी. वाढवलेला आठ सेंमी पाइप स्वतः पाऊण लिटर जागा खातो, ती आधीच धरा. पाइपचं आतलं तोंड समोरच्या भिंतीपासून निदान एक व्यास, म्हणजे दहा-अकरा सेंमी लांब हवं. लांबी आधी पाइपवर जाड कार्डशीट गुंडाळून, टेपने बांधून बघा. पटली की त्याच मापाचा कपलर आणि तुकडा चिकटवा.

मोजायची रीत तीच, फक्त सुरुवात २५ हर्ट्झच्याही खालून करा, कारण इथे दोन शिखरं येतात आणि त्यांच्या मधली दरी म्हणजे पोर्टचा सूर. डोळ्यांनीही कळतं: टोन बदलत जाताना ज्या सुरावर कोन जवळजवळ थांबतो आणि पाइपच्या तोंडाशी हाताला वारा जोरात लागतो, तोच. हा आकडा मिळाल्यावर अॅम्पचा सबसॉनिक त्याच्या चार-पाच हर्ट्झ खाली लावा. हे काम लोक विसरतात. पोर्टच्या बॉक्समध्ये कापूस ठासू नका, भिंतींना पातळ थर पुरे.

आपल्या हवेत लाकूड

रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उरलेले महिने हवेत खारटपणा असतोच. तयार बॉक्स बहुतेक एमडीएफचे (लाकडाच्या दाबलेल्या तंतूंच्या फळीचे) येतात. एमडीएफ आवाजाला छान, पण कापलेल्या कडेतून ओलावा शिरला की तो फुगतो, सांधा उघडतो आणि स्क्रू पकड सोडतो. आतले ठोकळे, रिंगा, चौकट काहीही करताना आयएस ७१० छापाचा मरीन प्लाय घ्या. सुताराकडच्या उरल्या तुकड्यांवर छाप दिसत नसेल तर एक तुकडा रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सकाळी थर सुटले असतील तर तो नको. एमडीएफच्या उघड्या कडा, भोकाची कडसुद्धा, पीयू सीलर किंवा पातळ इपॉक्सीने दोन हात बंद करा. स्क्रू स्टेनलेस ३०४ चे. जिप्समचे काळे स्क्रू एका पावसात गंजतात आणि दुसऱ्यांदा सबवूफर काढताना डोकं तुटून आत राहतं.

दसऱ्याच्या सुमारास, हवा कोरडी होऊ लागली की, सूर एकदा परत मोजा. दोन-तीन हर्ट्झने सरकला असेल किंवा शिखर बसलं असेल तर रिंगचे स्क्रू आडव्या-उभ्या क्रमाने आवळा आणि उदबत्ती पुन्हा फिरवा. टर्मिनलच्या आतल्या बाजूला पेन्सिलने निव्वळ लिटर, मोजलेला सूर, कापसाचं वजन आणि पोर्ट असेल तर त्याची लांबी लिहून ठेवा. उद्या सबवूफर बदलला तर नव्याच्या कागदाशी ताडायला हेच आकडे लागतात.